चाकांवरच्या संग्रहालयातून युद्धकैद्यांचा इतिहास

मार्च १९४३ मधील एक संध्याकाळ. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील रेड ओक या छोट्याशा गावात तारांची रीघ लागली. मध्यरात्रीपर्यंत दोन डझनांहून अधिक तारा आल्या आणि बहुतेकांचा मजकूर एकच होता : मुलगा उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर बेपत्ता आहे. ट्युनिशियात जर्मन सैन्याने दिलेल्या तडाख्यात नैर्ऋत्य आयोवातील तरुणांच्या तुकड्या वेढल्या गेल्या होत्या. त्यांपैकी अनेक जण जर्मनीत युद्धकैदी असल्याचे घरच्यांना पुढे कळले.

वर्षभरातच शेजारच्या पेज कौंटीत, क्लॅरिंडा येथे, जर्मन युद्धकैद्यांची छावणी उभी राहिली. ज्या भागातील मुले जर्मनांच्या कैदेत होती, त्याच भागातील शेतांवर आता जर्मन कैदी राबू लागले.

या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांसमोर एकत्र मांडण्याचा प्रयोग २००० च्या दशकात ‘ट्रेसेस’ या सेंट पॉल (मिनेसोटा) येथील संस्थेने केला. इतिहासकार मायकेल ल्युइक-थ्रॅम्स यांच्या पुढाकाराने शाळेच्या एका जुन्या बसचे रूपांतर फिरत्या संग्रहालयात करण्यात आले. बस आणि म्युझियम हे शब्द जोडून तिचे नाव ठेवले ‘बसिअम’. मोठ्या शहरातील संग्रहालयापर्यंत सहल नेणे खेड्यातील शाळांना परवडतेच असे नाही. तेव्हा संग्रहालयच शाळेच्या आणि वाचनालयाच्या दारात नेऊन उभे करावे, असा हा साधा विचार. अमेरिकेतील जर्मन कैदी आणि जर्मनीतील अमेरिकी कैदी, हे दोन्ही विषय या बसने गावोगावी नेले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या भूमीवर सुमारे सव्वाचार लाख युद्धकैदी होते. त्यांतील बहुसंख्य जर्मन. त्यांना कसे वागवायचे, याचे नियम १९२९ च्या जिनिव्हा कराराने घालून दिले होते. कैद्याला मिळणारे अन्न छावणीबाहेरील तळांवरच्या सैनिकांइतकेच हवे. साध्या शिपायाकडून काम घेता येते. पण थेट युद्धाशी संबंधित काम सांगता येत नाही आणि अधिकाऱ्यावर कामाची सक्ती करता येत नाही. कामाचा मोबदला दिवसाला ८० सेंट, तोही छावणीतील उपाहारगृहात चालणाऱ्या कूपनांच्या रूपात. शत्रूचे इतके लाड कशासाठी, अशी ओरड तेव्हा अमेरिकेतच झाली. त्यावर लष्कराचा हिशेब रोखठोक होता. आपण करार पाळला, तरच जर्मनीतील आपल्या सैनिकांच्या बाबतीत तो पाळला जाण्याची आशा ठेवता येईल.

हा हिशेब दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय वर्गात समजावून देणे कठीण. जर्मनीतील अमेरिकी कैद्यांचे हाल झाले नाहीत, असे मुळीच नाही. युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात उपासमार आणि बर्फातून सक्तीची पायपीट त्यांच्याही वाट्याला आली. मात्र त्यांच्यातील बहुतेक जण घरी परतले. सोव्हिएत कैद्यांच्या नशिबी तेही नव्हते. त्यांना या कराराचे संरक्षण लागू नाही, असा पवित्रा जर्मनीने घेतला आणि सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी जवळपास ३३ लाख मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या सौजन्यालाही काळी किनार होतीच. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांना जेथे दारातून परत पाठवले जाई, त्याच उपाहारगृहांत जर्मन कैद्यांना टेबलावर वाढले जात असे. विद्यार्थ्यांना अस्वस्थ करणारा हा तपशील शिक्षकांनी टाळू नये.

महाराष्ट्रालाही हा विषय अगदीच परका नाही. दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटिशांनी जर्मन नागरिकांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत डांबले होते. मात्र नागरी स्थानबद्ध आणि रणांगणावर पकडलेला सैनिक या दोन वेगळ्या वर्गांतील फरक ध्यानात ठेवायला हवा.

आयोवातील दुसरी मोठी छावणी अल्गोना येथे होती. तेथील एडुआर्ड काइब या कैद्याने काही सोबत्यांच्या मदतीने १९४५ च्या नाताळसाठी येशूजन्माचा देखावा उभारला. त्यात साठाहून अधिक मूर्ती असून त्या निम्म्या मानवी उंचीच्या आहेत. खर्च कैद्यांनीच केला. छावणी उठल्यावर देखावा गावाकडे राहिला. दर डिसेंबरात अल्गोनावासीय तो आजही पाहण्यासाठी खुला करतात, आणि त्यासाठी तिकीट लावत नाहीत.