आजी ‘काही करत नाही’?

माझी आजी इंदूरला रामबागेत राहायची. पापड, कुरडया, मेतकूट करून घरोघरी पोचवायची. दोन मुलांच्या कॉलेजची फी त्यातूनच भरली गेली. पण जनगणनेचा माणूस दारात आला, तेव्हा आजोबांनी सांगितलं, "बायको घरीच असते, काही करत नाही." आजी तेव्हा आत पापड लाटत होती! आई हा किस्सा हसत सांगायची. मीही हसायचे. राज्यशास्त्र शिकायला लागले आणि हसू थांबलं.

एम.ए.ला असताना वीणा मजुमदार हे नाव भेटलं. आडनावावरून वाटलं, आपल्याच मुजुमदारांपैकी कुणी असतील. पण त्या कोलकात्याच्या बंगाली. जन्म १९२७चा. ऑक्सफर्डला शिकल्या, पाटण्याला राज्यशास्त्र शिकवलं. संविधानाने समान हक्क दिले, आता प्रश्न सुटला, असं त्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या स्त्रियांना वाटत होतं.

१९७१ मध्ये भारत सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. मजुमदार पुढे तिच्या सदस्य-सचिव झाल्या. समिती राज्याराज्यांत फिरली, खेड्यांतल्या बायकांशी बोलली. १९७४च्या अखेरीस ‘समानतेकडे’ हा अहवाल तयार झाला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये उरल्या ९३०. रोजगारातला त्यांचा वाटाही घसरला होता. हे आपल्याला आधी दिसलं कसं नाही, असा जाब मजुमदारांनी स्वतःलाच विचारला, आणि तसं मोकळेपणाने लिहिलंही.

मला त्यांची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा नकोत, असं समितीतल्या बहुतेकांचं मत होतं. आधी स्वतः मजुमदारही आरक्षणाच्या बाजूच्या नव्हत्या. पण समोर आलेलं वास्तव पाहून त्यांनी आणि कायद्याच्या प्राध्यापक लोतिका सरकार यांनी आरक्षणाच्या बाजूने वेगळं मत नोंदवलं. पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, त्या १९९३ मध्ये.

अहवाल देऊन त्या थांबल्या नाहीत. १९८० मध्ये दिल्लीत स्त्रियांच्या विकासावर संशोधन करणारं केंद्र उभं केलं. पश्चिम बंगालमधल्या बांकुरा जिल्ह्यात, मजुरीसाठी गाव सोडावं लागणाऱ्या बायकांबरोबर काम केलं. त्या बायकांनी पडीक जमिनीवर झाडं लावली आणि टसर रेशमाचे किडे पाळले. २०१३ मध्ये मजुमदार गेल्या.

आज मी मुलांना राज्यशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला मजुमदारांच्या आधी आजीची गोष्ट सांगते. म्हणून तरुण वाचकांनो, एवढंच करा. जनगणनेचा माणूस तुमच्या दारी आला आणि घरातल्या बाईचं काम विचारलं, तर उत्तर तिलाच देऊ द्या. हात पिठाचे असले, तर धुऊन येईपर्यंत त्याला जरा थांबवा.