अंगावरचे लाल ठिपके आणि पांढऱ्या पेशी

ताप येऊन गेला, मूल खेळू लागले, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. मार न लागता काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. पाड्यावर कोणी याला उष्णता म्हणते, कोणी करणी. दाबल्यावर हे ठिपके पुसट होत नाहीत, ही खूण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. आयटीपी नावाच्या विकारात असे होते.

रक्त थांबवण्याचे काम प्लेटलेट करतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. आयटीपीत त्या एक लाखाखाली, कधी दहा हजारांच्याही खाली जातात. जातात कुठे?

1950 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतले. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, झटकाही आला. काही दिवसांनी त्या पुन्हा वाढल्या. रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट मारणारे काहीतरी आहे, हे त्यातून कळले. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.)

ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंडे. पांढऱ्या पेशींतील बी पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. येथे ती आपल्याच प्लेटलेटला चिकटतात. अशी प्लेटलेट पाणथरीत पोचली की तेथील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिचे तुकडे टी पेशींना दाखवतात. टी पेशी पुन्हा बी पेशींना चेतवतात. एरवी आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी या रुग्णांत दुबळ्या पडलेल्या असतात, म्हणून हे चक्र थांबत नाही.

बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटही अशाच गिळल्या जातात. त्यामुळे स्टेरॉइडसारखी, या पेशींना शांत करणारी औषधे द्यावी लागतात. पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नये. बहुतेक मुले सहा महिन्यांत, पुष्कळदा औषधाविनाही, बरी होतात. मोठ्यांत आजार रेंगाळतो.

मलेरिया आणि डेंग्यूतही प्लेटलेट घटतात, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये, कमरेत इंजेक्शन नको, आणि डाग तर मुळीच देऊ नये. डोके फार दुखून उलट्या झाल्या किंवा शौचाला काळे झाले, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.