हातांस वळण

दहावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच खल सुरू होतो. गुण भरपूर पडले तर शास्त्रशाखा. कमी पडले तर 'घाला आतां याला आय. टी. आय. मध्यें!' जणूं हातानें काम करणें ही नापासांस द्यावयाची शिक्षाच!

दोष इतरांस काय द्यावा? आमच्या एका विद्यार्थ्यास संस्कृताचीं रूपें कधीं पाठ झालीं नाहींत. पण वर्गांतील बंद पडलेला पंखा त्यानें कोणी न सांगतां सुरू केला. पाठ थोपटावयाची ती आम्हीं 'नसते उद्योग' म्हणून त्यास दटाविलें. पुढें त्यानें शाळाच सोडली. तें शल्य अजून मनांत आहे.

पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. तेथें आकारास आलेल्या अभ्यासक्रमांत माध्यमिक शाळेंतील मुलेंमुली आठवड्यांतून एक दिवस वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विभागांत प्रत्यक्ष काम करितात. आणि तें काम गांवास उपयोगी पडणारें असतें. मर्म येथेंच आहे. केलेली वस्तु कोणी वापरणार म्हटलें कीं माप चोख घ्यावें लागतें, खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो, दिलेली वेळ पाळावी लागते. नोकरींत लागते ती तयारी हीच. ती व्याख्यानानें येत नाहीं.

पालकांस आमच्या दोन सूचना आहेत. धंदेशिक्षण घेणाऱ्या मुलाचें भाषा-गणित सुटूं देऊं नये. नकाशा वाचणें आणि बिल लिहिणें त्यास चुकत नाहीं. शिक्षण संपल्यावर १९६१ च्या कायद्याप्रमाणें मिळणाऱ्या शिकाऊ उमेदवारीची चौकशी करावी. तींत कामाबरोबर विद्यावेतनही मिळतें.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांजकडे शिकण्याची सोय सुचविली आहे. यांत नवल तें काय? आपल्या चौसष्ट कलांच्या यादींत काव्याबरोबर सुतारकाम आणि वास्तुविद्या यांसही स्थान आहे. मध्यंतरीं पंक्तिभेद केला तो आपणच.

तेव्हां यंदा निकालाच्या दिवशीं 'किती गुण पडले?' असें विचारण्यापूर्वीं, 'तुला काय करतां येतें, बाळ?' एवढें विचारून पाहावें. आम्हीं तें वेळेवर विचारलें नाहीं.