कोळसून ते रानकुत्रा

मुंबई सरकारच्या हुकमाने दख्खनची पाहणी करीत वर्षानुवर्षे हिंडलेल्या साइक्स या लष्करी अंमलदाराने 1831 साली येथील सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तीतील एका तांबूस वर्णाच्या, काळ्या झुपकेदार शेपटीच्या श्वापदास त्याने ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ असे लॅटिन नाव दिले. आणि मराठे यास ‘कोळसून’ म्हणतात, ही नोंदही त्याने अगत्याने केली. शास्त्र आणि लोकव्यवहार यांचा असा सलोखा पुढे फार काळ टिकला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

निसर्गशास्त्रज्ञ पालासने या प्राण्याचे वर्णन 1811 सालीच केलेले असल्यामुळे साइक्सचे नाव उपजातीपुरते उरले. कुत्र्या-लांडग्यांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस तीन दाढा असतात, याच्या दोनच. आणि 1838 साली प्राणिशास्त्रज्ञ हॉजसनने त्यासाठी ‘क्युऑन’ ही प्रजाती वेगळी काढली. म्हणजे शास्त्राने ज्यास कुत्र्यांच्या प्रजातीतून निराळे केले, त्यालाच आमच्या पुस्तकांनी आणि सरकारी दप्तरांनी, इंग्रज शिकाऱ्यांच्या ‘वाइल्ड डॉग’ची री ओढीत, ‘रानकुत्रा’ म्हणावे, आणि ज्या नावात त्याचे वेगळेपण शाबूत होते ते ‘कोळसून’ किंवा ‘कोळसुंदा’ हे नाव जंगलालगतच्या वस्त्यांपुरते उरावे, असा उफराटा न्याय झाला. शिकारीच्या जनावरांचा वैरी म्हणून त्यास मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे, आणि ही वहिवाट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत चालू राहिली. नावामुळेच हा संहार झाला असे मी म्हणत नाही. परंतु रानटी कुत्रा म्हणून ओळख झालेल्या जिवाविषयी कोणास कळवळा यावा?

देशी नावे अचूकच असतात असा माझा दावा नाही. खवले मांजर हे मांजर नव्हेच. पण ब्लॅनफर्डच्या सस्तन प्राण्यांवरील एकोणिसाव्या शतकातील प्रमाणग्रंथानेही त्यास दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊंच्या पंक्तीस बसविले होते, आणि पुढे जनुकीय अभ्यासाने ते मांसाहारी गणाच्या निकटचे ठरविले. वर्गीकरण असे सुधारतच राहणार. प्रत्येक दुरुस्तीसरशी लोकांच्या तोंडचे नाव रद्द करणे मला अन्यायाचे वाटते. शास्त्रीय काटेकोरपणाचे काम लॅटिन द्विनाम चोख बजावतेच.

आज हा प्राणी जगभर संकटग्रस्त गणला जातो. ताडोबात आणि सह्याद्रीत त्याचे कळप अद्याप आहेत. तेथील फलकांवर, पाठ्यपुस्तकांत आणि वनखात्याच्या नोंदवह्यांत ‘क्युऑन अल्पिनस’ या त्याच्या शास्त्रीय नावाच्या आधी ‘कोळसून’ लिहिले जावे, एवढीच माझी मागणी आहे.