न दुखणारे दुखणे

आपल्याकडे आजारी माणसाला पहिला प्रश्न असतो, "काय दुखतं?" दुखणे हाच आपला आजाराचा पुरावा. रक्तदाब आणि साखर मात्र बहुधा वर्षानुवर्षे दुखतच नाहीत. भारतात १९९० साली शंभरातले सुमारे ३८ मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी होत. २०१६ मध्ये ते ६२ वर गेले.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हे समजावणे अवघड नाही. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. बोंड बाहेरून धडधाकट, आत अळी सरकी खात बसलेली. म्हणून तर आपण नुकसान दिसायच्या आधीच कपाशीत कामगंध सापळे लावतो. आशाताई तिशीपुढच्यांना तपासणीला बोलावते, तोही सापळाच समजा.

मग अडतं कुठे? गोळीने दाब उतरतो आणि आपण म्हणतो, "आता बरं आहे, बंद करू." अहो, उतरला तो गोळीमुळेच! (तत्त्वज्ञान शिकवूनही मी दोनदा सोडली.) पण नुसते अज्ञान म्हणून हात झटकू नका. दवाखान्याची एक खेप म्हणजे एक मजुरी बुडते. शेजारच्या वर्ध्यासह काही जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यात म्हणूनच एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि न आलेल्यांचा पाठपुरावा यांवर भर होता.

आणि आपला खर्रा? पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू आपण पाहुण्यालाही पुढे करतो. तोंडात पांढरा चट्टा उठतो, तोही बहुधा दुखत नाही. तो पुसून जात नसेल, किंवा तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर याच आठवड्यात दाखवून या.