कर्करोग झाला म्हणून मधुमेह जात नाही

कर्करोगाचे निदान झाले की घरात दुसरे काही सुचत नाही. मुंबईला जाण्याची तयारी, पैशांची जुळवाजुळव, नातेवाइकांची ये-जा. या गडबडीत रोग्याचे जुने आजार मागे पडतात. माझ्याकडे येणारे साठीतले एक गृहस्थ जुने मधुमेही. तोंडाचा कर्करोग निघाल्यावर त्यांनी साखरेच्या गोळ्याच सोडल्या. विचारले तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढा मोठा रोग झाला, आता साखरेचे काय घेऊन बसलात?" असे म्हणणारे ते एकटे नाहीत.

वास्तविक कर्करोग बहुधा उतारवयात होतो. त्याच वयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकारही सोबतीला असतात. विडी-सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग तर होतोच, शिवाय दम लागण्याचा आजार जडतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब होतात. १९८७ साली मेरी चार्लसन या अमेरिकन डॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९ आजारांना गुण देऊन एक मोजपट्टी तयार केली. गुण जितके जास्त, तितका जिवाला धोका जास्त.

याचे कारण उपचारांतही आहे. सिसप्लॅटिन हे औषध मूत्रपिंडावर ताण आणते. डॉक्सोरुबिसिनने हृदय दुबळे होऊ शकते. उलट्या थांबवण्यासाठी देतात ते डेक्सामेथासोन रक्तातील साखर झपाट्याने वाढवते. साखर वाढलेली असेल तर शस्त्रक्रियेची जखम लवकर भरत नाही व जंतुसंसर्ग बळावतो. 'ब' प्रकारची कावीळ पूर्वी होऊन गेली असेल, तर केमोथेरपीत ती पुन्हा उसळू शकते.

काही जण हृदयविकार मुद्दाम लपवतात. ऑपरेशन रद्द होईल ही भीती! पण आजार माहीत असला तर डॉक्टर औषध बदलतात, मात्रा कमी करतात, आधी हृदयाची सोनोग्राफी करून घेतात. न सांगितलेला आजार मात्र ऐन उपचारात घात करतो.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. चालू असलेल्या सर्व गोळ्या पाकिटांसह मोठ्या डॉक्टरांना दाखवा. चूर्ण, काढे, भस्मेही सांगा. जुने ईसीजी, साखरेचे व क्रिएटिनिनचे रिपोर्ट एका फाइलीत लावून सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी तपासणीपूर्वी बंद करायची की नाही, हे त्यांनाच विचारा. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

आणि गावी परतल्यावर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे साखर व रक्तदाब तपासून घ्या. कर्करोगाशी झुंजायचे ते याच शरीराने. त्याची बाकीची दुखणी सांभाळणे हाही उपचाराचाच भाग आहे.