स्टेशनचे ठेसन का होते?

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. इथल्या बोलण्यात इंग्रजी 'एस' आणि 'टी' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सतत येतात : स्टील, स्टेशन, स्टँड, स्टोअर. मुले ते लिहितात बरोबर. बोलताना मात्र कोणी 'ठेसन' म्हणते, कोणी 'इस्टेशन'. आपण हसतो किंवा दटावतो. त्याआधी कारण पाहू या.

'प्र' म्हणून पाहा. आधी हवेची वाट बंद, मग थोडी मोकळी, मग स्वर. आवाज चढत जातो. 'स्टे'मध्ये 'स'चा आवाज येतो, 'ट'पाशी हवा पूर्ण अडते आणि मग स्वर येतो. म्हणजे चढ, उतार, पुन्हा चढ. 'मास्तर'मध्ये हे जड जात नाही, कारण तिथे 'स' मागच्या 'मा'ला टेकतो. शब्दाच्या आरंभी टेकायला काहीच नसते.

यावर भाषांनी दोन उपाय शोधले. एक, पुढे स्वर जोडणे. लॅटिनमधील 'स्कोला'चे स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' झाले. आपल्याकडचे 'इस्कूल', 'इस्टेशन' याच जातीचे.

दुसरा उपाय 'स' गाळण्याचा. संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत येताना स्कंधाचा खांदा झाला, स्तोकचे थोडा झाले. पण 'क'चा 'ख' आणि 'त'चा 'थ' कशामुळे? तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'तर' आणि 'थर' म्हणा. 'थर' म्हणताना पट्टी जोरात हलते. 'स' हा वाहत्या श्वासाचाच आवाज. तो गेला, तरी त्याचा श्वास पुढच्या व्यंजनाला चिकटून राहिला. रेल्वेबरोबर आलेल्या 'स्टेशन'चे 'ठेसन' झाले, तेही याच वळणाने.

तेव्हा 'ठेसन' म्हणणारे मूल आळशी किंवा मंद नसते. आपल्या भाषेने शेकडो वर्षांपूर्वी काढलेली वाट त्याची जीभ धरते. शुद्ध उच्चार शिकवायचाच आहे. त्यासाठी 'स'ला टेकू द्यावा. मुलांना 'बस-टील' असे सलग म्हणायला सांगा. मग 'ब' हळू, आणखी हळू, शेवटी मनातल्या मनात. उरते ते 'स्टील'. वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहा; पट्टीचा प्रयोगही मुलांच्या हातून होऊ द्या.